चार बोटं कमी

गावात त्याला सगळे तंतोतंत म्हणत. तीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून त्याने भल्याभल्यांच्या भिंती मागे सरकवल्या, कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. बायको म्हणायची, हा माणूस भांडतानासुद्धा मोजून माघार घेतो.

आणि त्याच माणसाची आता झोप उडाली होती. नवा नियम आला होता: गावाला पाणी देणाऱ्या तलावाच्या पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत धुलाई, रंगकाम, काही चालणार नाही. बाहेर असाल तर सांडपाण्याची टाकी बांधा आणि खुशाल धंदा करा. आत असाल तर महिन्यात सगळं पाडायचं. नियमाला नावं ठेवायची सोय नव्हती. मागच्या साली नळाला गुलाबी पाणी आलं, तेव्हा त्याचीच नात आठवडाभर सलाईनवर होती. कुणाच्या रंगाचं पाणी ते, देव जाणे.

तलावाकाठी धाकट्या बहिणीची सूत रंगवायची शेड होती. मागच्या खोलीत ती, तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा आणि दोन मुली राहत. बारा वर्षांपूर्वी ही जागा यानेच पसंत करून दिली होती. पाणी हाताशी आहे, डोळे मिटून घे, म्हणाला होता.

रविवारी त्याने गुपचूप एकट्याने मोजून पाहिलं. चार बोटं कमी. पुन्हा मोजलं. चारच बोटं! शेडच्या भिंतीला टेकून तो रडला, अगदी पोरासारखा.

गुरुवारी मुख्य कचेरीतून नव्या मॅडम आल्या. त्याचा जोडीदार नेमका आजारी, म्हणून टेपचं दुसरं टोक बहिणीनेच घेतलं. दोघांचं नातं मॅडमना ठाऊक नव्हतं, आणि तो बोलला नाही. तिने पूररेषेच्या दगडातल्या खुंटीला कडी अडकवली. शेडच्या भिंतीशी येताना याने टेप मुद्दाम करवंदीच्या जाळीला वळसा घालून आणली. वाकडी टेप जास्त आकडा दाखवते. उभ्या जन्मात पहिल्यांदाच तो लबाडी करत होता.

पन्नासवर दोन बोटं भरली. तो तोंड उघडणार, एवढ्यात बहीण जाळीपाशी पोचलीसुद्धा. लहानपणी वडिलांच्या मोजणीत दोरीचं दुसरं टोक हिच्याच हातात असायचं, आणि दोरी वाकडी गेली की पाठीत धपाटा बसायचा. ते अजून अंगात मुरलेलं.

"अडकलीय रे दादा इथे," ती म्हणाली. "थांब, सोडवते."

तो नको म्हणू शकला नाही. काय सांगून नको म्हणायचं? काटे बाजूला करत तिने टेप अलगद मोकळी केली आणि मॅडमकडे अभिमानाने पाहिलं. दादाच्या मोजणीत केसाचाही फरक पडत नाही, म्हणाली.

"आता ताणा," मॅडम म्हणाल्या.

त्याने ताणली. आकडा पुटपुटला. मॅडमना ऐकू गेला नाही, त्यांनी पुन्हा विचारला.

"एकोणपन्नास मीटर, ब्याण्णव सेंटिमीटर."

मॅडमनी लिहून घेतलं. जाळीपाशी आकडा ऐकू गेला नव्हता; बहीण बोटातला काटा काढत हसत जवळ आली.

"भरले ना रे दादा पन्नास?" तिने विचारलं.

तो टेप गुंडाळू लागला. तिने पुन्हा विचारलं.