औषधाचा दिवस

महारोग्यांच्या यादीतलं तिचं नाव मी भर बाजारात मोठ्याने वाचलं, तेव्हा ती समोरच चारोळी मापात भरत होती. गिऱ्हाइकं मागे सरकली.

दवाखान्यातल्या भाऊंनी चौथी शिकलेल्या मला कागद दिला होता, तो फक्त नव्या औषधाचा दिवस सांगायला. "नावं बी वाच. विहीर एकच हाये, आमाले समजाले पायजे," लोक म्हणाले. मला ते पटलं. वाचता येण्याचा तोराही होता.

मापावर चिमूटभर जास्त टाकणारी ती बाई. तिने चारोळी फडक्यात बांधली. "बाई, दिवसच सांगाचा होता ना? माहं नाव काऊन वाचलं?"

मी कागदाची घडी घातली.

ती गाव सोडून राजुऱ्याकडे निघून गेली. तिथेच औषधाने बरी झाली आणि माझ्यासारखीच म्हातारी झाली, असं ऐकते.