ज्या घरी आजारपण, त्या वावरात बैठक

आमच्या ऑफिसला एक वाईट खोड आहे. चहा आला की कोणीतरी सुरू करतं, "अगं, परवा गोकर्णाबाईंनी काय केलं माहितीये का?" झालं! चहा गार होतो, जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळतो आणि आम्ही तिथेच बसून. असे किस्से वर्षानुवर्षं साठत गेलेत. रिपोर्टमध्ये त्यांना जागा नसते. तिथे 'महिला गटाची बैठक संपन्न झाली' एवढं एकच वाक्य जातं. त्या वाक्यात काय काय संपन्न झालेलं असतं, ते आज सांगून टाकते.

मी नर्स. मूळची जानेफळची आणि नोकरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदला. आमची संस्था म्हणजे एक डॉक्टर मॅडम, एक शेतीवाले सर, मी आणि एक जीप. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये शेती आणि आरोग्य अशी दोन्ही कामं आम्ही करतो. किस्से ज्या गावचे आहेत त्याचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं तर तिथल्या बायका मला पुढच्या खेपेला जेवायला वाढणार नाहीत, आणि ते मला परवडायचं नाही!

*

त्या गावातली माझी पहिली बैठक. विषय होता अंगात रक्त कमी असणं. मी समाजमंदिरात छान तक्ते लावले, सतरंजी अंथरली. आल्या किती? दोघी. त्यातली एक मुलाला शोधायला आली होती, ती लगेच गेली.

उरली ती गोकर्णाबाई. उंच, सावळी, पन्नाशीची, आणि आवाज असा की नाल्यापलीकडचा बैल मान वर करील. तिने तक्ते नीट पाहिले आणि म्हणाली, "सिस्टर, हे समदं खरं हाये. पण निंदण सोडून कोनती बाई इथं येईन? सरलाले ताप आला, तिचं सोयाबीन गवतात बुडालं. मी बाया तिथं आनतो. तुमी तिथं बोला."

गेले. बायकांनी आपापली पात धरली. पात म्हणजे निंदताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पट्टा. मी बांधावर उभी राहून बोलायला लागले. बायका निंदत पुढे सरकत गेल्या आणि मी मागे ओरडत राहिले. शेवटी गोकर्णाबाईने माझ्या हातात खुरपं दिलं. "पात धरा अन् बोला!"

धरली. लोहाच्या गोळ्यांपर्यंत पोचेतो कमरेचा काटा ढिला झाला. सगळ्या बायका पार पुढे आणि मी एकटी मागे. तेवढ्यात हमीदाबी वळली. तिच्या नवऱ्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि नाल्याकाठी त्यांचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. ती म्हणाली, "सिस्टरचं भाषन पोचून राह्यलं, पन सिस्टर काही पोचत नाही!"

संध्याकाळी सरलाचं वावर स्वच्छ झालं होतं आणि सरला घरी शांत झोपली होती. त्याच दिवशी गोकर्णाबाईने नियम करून टाकला: ज्या घरी आजारपण, त्या वावरात बैठक. दर मंगळवारी. आजारी बाईने फक्त पडून राहायचं. मी कितीतरी ट्रेनिंगं केली आहेत, पण असलं काही मला कोणी शिकवलं नव्हतं. मी थक्क झाले होते, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

*

शेतीवाल्या सरांशी बोलून बायकांनी आणखी एक ठरवलं. प्रत्येकीच्या सोयाबीनमध्ये बांधाकडचे दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, घरच्या भाजीचे. तिथे अंबाडी, चवळी, काय लागेल ते. पूर्वी सासवा पेरायच्याच की!

गोकर्णाबाईचे यजमान पुंडलिकदादा. इतकं कमी बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. वर्षभर मला वाटत होतं की ते माझ्यावर रागावले आहेत. पुढे कळलं की ते सगळ्यांशीच असे वागतात. तर पुंडलिकदादांनी पाठीला पंप लावला आणि एका दमात सगळ्या वावरावर सोयाबीन सोडून बाकी सगळं जाळणारं तणनाशक मारलं. गवत जळलं, आणि त्याबरोबर ते दोन ताससुद्धा!

काही दिवसांनी मी त्यांच्याकडे जेवायला होते. ताटात ज्वारीची भाकर आली. नुसती भाकर. दादांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि वर्षातून एकदा उच्चारावा तसा शब्द उच्चारला, "भाजी?"

"तुमच्या पंपात गेली!"

दादा गुमान कोरडी भाकर चावत बसले. मीही तीच चावली. पाहुणी म्हणून सवलत नाही! पुढच्या हंगामात दादा ते दोन तास सोडून फवारायला लागले.

*

डासांच्या दिवसांत गावात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळतात. त्या दिवशी घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. हे काम हमीदाबीकडे. सगळ्यांनी ऐकलं, एक सरपंच सोडून. त्यांच्या वाड्याबाहेरची टाकी भरलेलीच असायची. विचारलं की म्हणायचे, "उद्या करतो."

एक दिवस हमीदाबी गेली आणि तिने टाकीची तोटी सरळ सोडून दिली. सरपंच धावत बाहेर आले. "काऊन वं हमीदाबी, मले न विचारता?"

"तुमाले काय विचारू, सरपंचसाहेब? टाकीत राहतात ते डास. त्याइले नोटीस दिली अन् घर खाली करून घेतलं!"

आता कोरड्या दिवशी सरपंच सकाळीच टाकी उपडी करून ठेवतात आणि तिच्यावर बसून पेपर वाचतात.

*

हा किस्सा हसण्याचा नाही.

गावातली एक सून बाळंत झाली. बाळ अगदीच हलकं होतं, जुनेराच्या घडीत मावेल एवढं. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, दिवसभर. आईच्या अंगाची ऊब हेच त्याचं औषध. घरात सासू, कासाबाई. तिच्या तोंडाला सगळं गाव घाबरतं. ती म्हणाली, "पोर धरून बसली तं कापूस कोन वेचन? तुमी?"

मंगळवारी बायका तिच्या वावरात उतरल्या. कासाबाई बांधावर उभी राहून पाहत होती. कोणी तिला काही बोललं नाही, कोणी उपदेश केला नाही. बोंडामागून बोंड वेचत बायका पुढे जात राहिल्या. कासाबाई थोड्या वेळाने घराकडे निघून गेली. मला वाटलं, गेली सुनेला झापायला!

मी मागोमाग धावले. दारातून पाहते तर सून भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. कासाबाई खाटेवर बसलेली, पोलक्याची बटणं सोडलेली आणि बाळ तिच्या सुरकुतलेल्या छातीशी, वरून लुगड्याचा पदर. मला पाहून तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला. मायलेकरं दोघंबी झोपेल हायेत."

मी उंबऱ्यातच बसून रडले. आज ते बाळ कासाबाईच्याच पाठीवर बसून गावभर फिरतं आणि तिला शिव्यासुद्धा देतं.

*

आता गोकर्णाबाईबद्दल सांगते. बैठकीत ती कधी नीट बसायची नाही. एका कुशीवर टेकायची, मध्येच उठायची. एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "काही नाही, अंग येते थोडं." म्हणजे गर्भपिशवी खाली सरकलेली. आमच्याकडच्या बायका हे दुखणं पदराआड लपवून वर्षानुवर्षं ओझी उचलत राहतात. सगळ्या गावाला दवाखान्यात धाडणारी ही बाई स्वतः कधी गेली नव्हती!

डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि ऑपरेशन सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही.

"करू नं," गोकर्णाबाई म्हणाली, "सोयाबीन निघू द्या."

सोयाबीन निघालं. "कपाशी वेचू द्या." कपाशी झाली. "हरभरा सोंगू द्या." हरभरा घरात आला तर भाचीचं लग्न निघालं, लग्न झालं तर पेरणी आली. शेतकऱ्याच्या घरी मोकळा महिना कधी असतो का?

आणि आपल्या वावरात बैठक ती घेऊच देईना. हमीदाबीने दोनदा विषय काढला, दोनदा भांडण झालं. "माह्या वावरात बैठक नाही! मी आजारी हाये का?" नियम हिनेच केलेला, आणि आजारपण कशाला म्हणायचं हेही हीच ठरवणार, त्यामुळे बाकीच्यांचा इलाज चालेना.

मधल्या काळात तिची लघवी अडायला लागली, मग ताप. डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता थांबलो तर मूत्रपिंडांवर जाईल. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही." मी हे गोकर्णाबाईच्या घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पुंडलिकदादा ओसरीवर दोर वळत बसले होते. गोकर्णाबाई म्हणाली, "निंदण होऊ द्या." दादा दोर वळतच राहिले. परतताना जीपमध्ये मला त्या दोघांचाही इतका राग आला होता की विचारू नका.

*

त्यानंतरचा मंगळवार. मी जीपमधून उतरते तर सगळ्या बायका गोकर्णाबाईच्या वावरात! सरला आहे, कासाबाई आहे, कासाबाईची सून बांधावर बाळाला घेऊन बसली आहे. गोकर्णाबाई तणतणत मागून आली.

"कोनं बलावलं तुमाले इथं?"

"पुंडलिकभाऊनं," हमीदाबी म्हणाली. "काल दारात येऊन उभे राह्यले. बसा म्हनलं तं बसले नाही. म्हने, मंगळवारची बैठक आमच्या वावरात घ्या. आमच्या घरी आजारपन हाये."

गोकर्णाबाई वावरभर नजर फिरवून दादांना शोधायला लागली. 

आणि मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. बायकांच्या ओळीत अगदी शेवटची, बांधाकडची पात धरून पुंडलिकदादा बसले होते. हातात खुरपं! आमच्याकडे पुरुष बैल जुंपून डवरतील, फवारतील, पण निंदायला बायकांच्या ओळीत बसलेला पुरुष मी तरी पाहिला नव्हता. रस्त्याने जाणारे दोघं-तिघं थांबून बघत होते. दादा मान वर करत नव्हते. मन लावून उपटत होते.

आणि उपटत काय होते? बांधाकडचे ते दोन तास! अंबाडी, चवळी, सगळं मुळासकट बाहेर. गवत जागच्या जागी. आयुष्यात कधी निंदलं नव्हतं त्यांनी, कोवळ्या अंबाडीत आणि तणात त्यांना काय फरक कळणार! सरला ओरडणार होती, हमीदाबीने तिचा हात दाबला. आता नाल्यापलीकडचे सगळे बैल मान वर करणार!

गोकर्णाबाई दादांच्या पातीपाशी गेली. बाजूला पडलेला ढीग तिने पाहिला. दादांनी वर पाहिलं आणि पुन्हा निंदायला लागले. ती हळूच खाली बसली. उपटलेली अंबाडी एकेक करून वेचली, मुळांची माती झटकली आणि पदरात घेतली. मग उठून जीपपाशी आली. तिच्या कपड्यांची पिशवी दादांनी सकाळीच बांधावर आणून ठेवली होती, ड्रायव्हरने ती उचलून जीपमध्ये ठेवली होती. ती चढून बसली.

हमीदाबी खिडकीशी आली. गोकर्णाबाईने पदरातली अंबाडी तिच्या ओंजळीत दिली आणि मानेने दादांकडे खूण केली.

"याची भाजी करजो, हमीदा. यायले आज कोरडी भाकर वाढू नको."