माझ्या अडीच उलट्या प्रदक्षिणा

कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या देवळाला मी अडीच प्रदक्षिणा घातल्या. सगळ्या उलट्या, बहुतेक धावत, आणि शेवटची अर्धी तर चक्क रडकुंडीला येऊन.

घरी हा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. इतक्या वर्षांत इतकं पाणी प्यायलोय की आता डॉक्टरही संशयाने बघतात. तेव्हा एकदाचं सांगूनच टाकतो.

आम्ही तेव्हा दुबईतल्या देऱ्यात राहायचो. मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. जगातली कुठलीही वस्तू कुठूनही कुठेही वेळेत पोचवून दाखवतो, अशी माझी माझ्याबद्दल समजूत होती. आई साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आली होती, आणि आल्यापासून तिने दुबईत तीन गोष्टी पाहिल्या होत्या : आमची बाल्कनी, मॉलमधला सरकता जिना आणि माझी पाठ. सकाळी अंधारात ऑफिसला जायचो, जेवणं आटोपल्यावर परत. "उद्या नेतो तुला फिरायला, इन्शाल्ला!" असं मी रोज म्हणायचो. शेवटी शेवटी तर तीच म्हणायला लागली, "राहू दे रे विजू, इन्शाल्ला म्हणजे नाही, हे कळलंय मला आता."

हे लागलं. त्यात तिचा व्हिसा संपत आला. तेव्हा देशाबाहेर जाऊन नव्या व्हिसावर परत यावं लागे. बाकीची शहाणी माणसं त्यासाठी जवळच्या किश बेटावर जाऊन येत. मी मात्र अपराधाच्या झटक्यात विचारलं, "आई, तुला काय बघायचंय? सांग, काहीही!"

"सुनीता म्हणत होती, तिकडे कुठेतरी विष्णूचं जगातलं सगळ्यात मोठं देऊळ आहे. त्याला एक प्रदक्षिणा घालायची आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

ईदच्या सुट्टीला जोडून मी रजा काढली आणि बँकॉकमार्गे सिएम रीपला आमची वरात निघाली : मी, आई, बायको सुनीता आणि अकरा वर्षांची ऋचा (जिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच द्यायचं असा तिचा हट्ट आहे). सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी. सकाळी देऊळ, दुपारी जेवण, मग एअरपोर्ट. वेळापत्रक असं चोख आखलं होतं की मालाचा कंटेनर असता तर त्यानेही मान डोलावली असती. पण मी आई पाठवत होतो.

देवळात आमचा गाइड होता सोखा. अत्यंत गोड माणूस, अत्यंत सावकाश. पहिल्या दरवाजातून मी सगळ्यांना "यल्ला, यल्ला!" करत पळवलं, लांबलचक दगडी रस्ता तुडवून मुख्य देवळाशी पोचलो. तिथे चारी बाजूंनी कोरीव भिंतींच्या ओवऱ्या आहेत. सोखा उजवीकडे वळला. आई जागच्या जागी थांबली.

"विजू, हा चुकतोय. असं गेलं तर देव डाव्या हाताला येतो."

"आई, ही कोरीव चित्रं याच बाजूने बघायची असतात."

"का?"

मी सोखाला विचारलं. तो हसून म्हणाला, राजाने हे देऊळ बहुतेक आपल्या मृत्यूनंतरसाठी बांधलं, म्हणून इथला क्रम उलटा. आणि मी गाढवाने याचं शब्दशः मराठी केलं!

आईचा चेहराच बदलला. "म्हणजे मयताला घालतात तशी? धडधाकट मुलगा समोर उभा असताना मी उलटी फिरू?"

"अगं, हे आता टूरिस्ट प्लेस आहे!"

"आत विष्णू आहे ना? मग देऊळच."

"अहो, जाऊ दे ना, त्या म्हणतात तसंच जाऊ या सगळे," सुनीता म्हणाली.

"मग गोष्ट शेवटाकडून सुरू होईल! सोखाला मागून पुढे सांगता येत नाही. विचारलं मी!"

इथे माझ्यातला ऑपरेशन्स मॅनेजर जागा झाला. "ऐका. आई डावीकडून जाईल, आपण उजवीकडून. मागच्या बाजूला पूर्वेचं दार आहे, तिथे भेटायचं. खलास!"

"बट बाबा," ऋचा म्हणाली, "आजी डझन्ट नो एनी इंग्लिश."

"चौकोनात कोणी हरवत नाही, बाळा!"

हे वाक्य ऋचाने पुढे माझ्या पन्नाशीच्या केकवर लिहवून घेतलं.

आम्ही निघालो. सोखाने कुरुक्षेत्रावरच्या एकेका सैनिकाची विचारपूस सुरू केली. स्वर्ग-नरकाशी येईतो माझ्या संयमाचा बांध फुटायला आला होता. समुद्रमंथनाशी तो म्हणाला, "सर, आता देव मोजू या," आणि बांध फुटला. "मोजू नकोस! आहेत ना सगळे? मग चल!" देव-दानवांची रस्सीखेच बाजूलाच राहिली आणि लोक आमचीच बघायला लागले.

पूर्वेच्या दाराशी आई नव्हती. थांबलो. पिवळ्या टोप्या घातलेले कोरियन पर्यटक आले, गेले. फ्रेंच आले, गेले. आई नाही. मी घड्याळ बघून बघून ते झिजवलं, तेव्हा ऋचा शांतपणे म्हणाली, "बट आजी ऑलरेडी वेंट."

"कधी?"

"व्हेन यू वेअर शाउटिंग ॲट सोखा. शी डिड लाइक धिस." तिने ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"शी टोल्ड मी टु बी क्वाएट!"

सुनीताने कपाळावर हात मारला. "अहो, प्रदक्षिणेत आई बोलत नाहीत आणि थांबतही नाहीत. जन्मात कधी पाहिलं नाहीत का तुम्ही त्यांना?"

खरं सांगायचं तर नव्हतं पाहिलं.

"तू तिच्या मागून जा, मी समोरून येतो. मध्ये सापडेलच." ऋचाला सोखाजवळ ठेवून आम्ही विरुद्ध दिशांना सुटलो. पश्चिमेच्या दाराशी मला माणूस भेटलं. सुनीता.

"सापडल्या?"

"नाही. तुला?"

"मला सापडल्या असत्या तर एकटी असते का?"

आता कमरेचा पाऊच जड व्हायला लागला. आईचा पासपोर्ट त्यात होता. तिच्याजवळ होता एक हातरुमाल आणि उपवासाचा चिवडा. हॉटेलचं नावही तिला ठाऊक नव्हतं. हे डोक्यात आलं मात्र, पुन्हा सुटलो. प्रत्येक पांढऱ्या केसांमागे धावत होतो. एका जर्मन बाईला तर मी पाठीमागून "आई!" अशी हाक मारून मिठीच मारणार होतो. पूर्वेच्या दाराशी पुन्हा सुनीता.

"अहो, तुम्हीच पाठवलंत ना त्यांना एकट्यांना?"

"हे आत्ताच बोलायचंय का?"

"पुढच्या फेरीत बोलू!"

आणखी एक अख्खी फेरी झाली. पिवळ्या टोप्यांशी माझी तिसरी भेट झाली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शर्यत आहे.

मग एक पोलीस समोरून आला. माझ्याकडे निरखून पाहिलं, हवेत एक मोठं पोट काढलं, डोक्यावरून हात फिरवून टक्कल दाखवलं, मनगटावर बोट आपटत तोंड वेडंवाकडं केलं आणि विचारलं, "मिस्तर विजू?"

"येस!"

त्याने माझा हात धरला. घट्ट. आणि तसाच हाताला धरून, सगळ्या पर्यटकांच्या देखत, तो लांबलचक दगडी रस्ता पार करून मला पार पहिल्या दरवाजाशी नेलं.

तिथे आठ हातांची भलीमोठी विष्णूची मूर्ती होती. केशरी वस्त्रं, समोर उदबत्त्यांचा धूर. सकाळी याच मूर्तीसमोरून मी सगळ्यांना हाकत नेलं होतं आणि मला ती दिसलीच नव्हती! समोर चटईवर, डोकं भादरलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या काही म्हाताऱ्या साध्वी बसल्या होत्या. मधोमध आई. चिवडा सगळ्यांच्या ओंजळीत पोचला होता आणि बदल्यात आईपुढे केळ्यांचा घड आला होता.

"सापडला का एकदाचा!" आई म्हणाली. म्हाताऱ्यांनी समाधानाने माना हलवल्या.

"मी सापडलो? आई, अगं तू हरवली होतीस!"

"मी कशाला हरवू? सुरू केली तिथे माझी प्रदक्षिणा संपली. तू नव्हतास, मग इथे देवापाशी येऊन बसले. पोलिसाला खुणेने सांगितलं, असा असा माझा मुलगा आहे, घड्याळ बघत ओरडत फिरत असेल. त्याला लगेच पटलं."

तोवर मला पोलिसाने धरून नेताना पाहून सुनीता, ऋचा आणि सोखा धापा टाकत पोचले. मी दगडावर बसकण मारली. "एवढी कशासाठी गं ती प्रदक्षिणा?"

आईने केळं सोलून माझ्या हातात दिलं. "तुझ्यासाठीच की. म्हटलं, देवा, याचं चित्त जरा ठिकाणावर येऊ दे. बायकोपोरीशी चार शब्द बोलू दे."

मी केळं खाल्लं. दुसरं सोलून सुनीताला दिलं.

एक साध्वी लाल दोरा घेऊन पुढे आली आणि पुटपुटत माझ्या मनगटाला बांधू लागली. सोखाने समजावलं, "सर, भरकटलेला जीव शरीरात परत यावा म्हणून बांधतात."

सुनीताने ते आईला मराठीत सांगितलं. आईने साध्वीला दोन बोटं दाखवली. दोन बांधा.

साध्वीने दोन बांधले, मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि स्वतःच्या विचाराने तिसराही बांधला.