अर्ध्या भाकरीचा दादा

घरात सगळ्यांत कमी जेवायचा तो दादा, आणि सगळ्यांत जाडही तोच. जेवण झालं की ताट बाबांपुढे धरून म्हणायचा, "बघा, अर्धीच भाकर खाल्ली." बाबा ताटाकडे बघत नसत. त्याच्या पोटाकडे बघत.

पनवेलजवळच्या खाडीकाठी आम्ही मिठागरावर राबणारी, बोंबलासारखी सुकलेली माणसं. मूल होईना म्हणून आईबाबांनी करंजा गावच्या एका लांबच्या नातलगाचा तान्हा मुलगा दत्तक घेतला आणि त्या घराशी संबंधच तोडला. सात वर्षांनी मी झाले.

गाव त्याला 'पिंप' म्हणायचं. भर उन्हात तो दोघांचं मीठ एकटा वाहायचा, तरी मुकादम ओरडायचा, "पिंपा, वाईच हल की!" पनवेलच्या डॉक्टरांनी नाडीही न बघता सांगितलं, "तोंड आवरा." मुलगी बघायला गेलो, तर तिच्या आजीनं दारातच विचारलं, "याला पोसायचं कुनी?" दादा हसला. घरी येऊन दोन दिवस नुसत्या पेजेवर राहिला. तिसऱ्या दिवशी सदरा तितकाच तंग होता.

तो चोरून खातो, अशी बाबांची खात्रीच होती. सुक्या मासळीच्या डब्याला त्यांनी कुलूप लावलं. एकदा ते उघडं राहिलं आणि सुकट कमी झाली. चोवीस वर्षांच्या दादाला बाबांनी अंगणात, सगळ्यांदेखत चपलेनं मारलं. सुकट मी खाल्ली होती. सतरा वर्षांची घोडी मी, खांबाआड उभी राहिले, पण बोलले नाही. नंतर दादा जवळ येऊन म्हणाला, "तोंड धू जा. वास येतो." एवढंच.

पुढच्या वर्षी करंज्याहून त्याचा जन्मदाता वारल्याचा निरोप आला. आम्ही सगळे गेलो. तिरडीला आठ जण लागले. मागून दादाचे तीन सख्खे भाऊ चालत होते. दिवसभर जाळी ओढणारे खलाशी, पण तेच पोट, तीच मान, तेच फेंगडं चालणं. दादा त्यांच्याकडे बघतच राहिला.

घरी आल्यावर तो बाबांसमोर उभा राहिला. चेहरा उजळला होता. "मी चोर नाय, बाबा. आमचं रगातच तसं हाय. तुमी डोल्यांनी बघितलं."

बाबा पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग समदं घरानंच चोरांचं हाय."

मी तेव्हाही बोलले नाही.

सकाळी दादानं वळकटी उचलली. आई फडक्यात भाकऱ्या बांधून बांधापर्यंत धावली. "वाटंत खा रं."

त्यानं गाठोडं तिच्याच हातात परत ठेवलं. "नको आये. लोक बघतील."

आणि तो करंज्याच्या वाटेनं खाडीच्या बाजूला उतरला.