घुबडाचे नवे दिवे

माझ्या ओव्हनमध्ये मी केक भाजते, बिस्किटं भाजते. समोरच्या दुकानात ती जातात, त्यावर घरातली बरीच गरज भागते. त्या सकाळी त्याच ओव्हनमध्ये ट्रकचा हेडलाइट ठेवलेला होता. आणि आमचे हे गुडघ्यावर बसून, केक फुगतोय का ते पाहावं तसे काचेतून आत पाहत होते.

"अहो, उद्या माझ्या बिस्किटांना डिझेलचा वास आला तर गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"हेडलाइटला डिझेल नसतं गं. कडेचं सील मऊ झालं की काच निघते. मग आत प्रोजेक्टर, म्हणजे भिंगाचा दिवा, बसवायचा. सोपं आहे."

ह्यांचं 'सोपं आहे' मी लग्नापासून ऐकत आले आहे. एरवी मी तोंडसुख घेतलं असतं. त्या दिवशी मात्र मी नुसता ओटा पुसायला घेतला.

सोबतचे ड्रायव्हर ह्यांना घुबड म्हणतात. चिडवून नव्हे, मानाने. रात्रीचा घाट म्हटला की ट्रकचा मालक ह्यांनाच हाक मारायचा. वळणावरचा दगडही घुबडाला लांबून दिसतो, असं म्हणायचे. ह्यांनाही ते आवडायचं. लाजून नको नको म्हणायचे आणि परत कुणी म्हणतंय का याची वाट बघायचे.

पण गेल्या महिन्यात दिवेलागणीला घरी आले आणि मोरीत कितीतरी वेळ हात धूत राहिले. पाणी वाहतंय, साबण संपतोय, हे तिथेच. मी आत गेले तेव्हा म्हणाले, "आज एक सायकलवाला वाचला."

"म्हणजे?"

"झाडाखाली होता. दिसलाच नाही. ट्रकचे दिवे मेलेत गं, काही कामाचे नाहीत."

तेव्हापासून माझं लक्ष लागून राहिलं. संध्याकाळ झाली की हे जिन्याची पहिली पायरी पायाने चाचपतात. पॅसेजमधलं स्टूल वर्षानुवर्षं तिथेच आहे, तरी त्याला धडकतात आणि स्टूललाच शिव्या घालतात. ताटात भाजी कुठे आहे ते बोटांनी बघतात. दिवसा मात्र ठणठणीत. मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं, तर असे अंगावर आले की शेजारीण खिडकीत आली. मग मी तो विषय सोडला. पण रात्री ट्रक घेऊन गेले की माझा डोळा लागेना. फोन वाजला की धावत जाऊन उचलायची. ह्यांचं काही होईल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ह्यांच्या हातून कुणाचं काही होईल याची होती, आणि ती मी कुणाजवळ बोलूही शकत नव्हते.

उपाय म्हणून ह्यांनी प्रोजेक्टर आणले. त्या दिवशी हेडलाइट ओव्हनमधून निघाला आणि दिवसभर अंगणात पाना, वायरी, टेप यांचा पसारा. काच निघाली, भिंगासारखा तो गोल डोळा आत बसला, कडेने पुन्हा सील भरलं. हात अगदी सराईत चालत होते. उद्या रात्री घाटातून माल न्यायचा होता, आणि हे शीळ घालत होते. इतक्या दिवसांनी शीळ ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

संध्याकाळी ट्रक गल्लीच्या टोकाच्या गोदामाच्या मागच्या भिंतीसमोर उभा केला. दोन्ही दिव्यांचा उजेड भिंतीवर एका रेषेत पडेपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे, असं ते काम असतं. मी खडू घेऊन भिंतीशी गेले. उजेड जिथे संपेल तिथे खूण करायची होती. हे वर सीटवर चढले.

दिवे लागले. काय लख्ख उजेड! पण स्क्रू अजून सैल होते, म्हणून तो सगळा खाली जमिनीवर पडला. भिंतीच्या पायथ्याशी तो सुरीने कापावा तसा संपत होता. त्याच्या वर नुसती संध्याकाळ होती. तशी अजून चांगली उजेडाची वेळ होती. काचेमागचा ह्यांचा चेहरा, कपाळावरचा काळा डाग, खांद्यावरचा टॉवेल, मला सगळं दिसत होतं.

"जरा पुढे घेतो," हे ओरडले आणि ट्रक हलला.

मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला वाटलं, थांबतील. ट्रक सावकाश येत राहिला. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, थेट माझ्याकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाले, "अगं, त्या लाल चपला कशाला टाकल्यास तिथे? चाकाखाली जातील. उचल की!"

चपला माझ्या पायात होत्या.

 मी भिंतीला आणखी चिकटले. बंपर हाताला लागेल इतका जवळ आला तेव्हा कुठे मी किंचाळले, "अहो, मी आहे! मी उभी आहे!"

ब्रेक लागला. ट्रकने गचका खाल्ला.

 मग हे उतरले, बंपरवरून हात फिरवत आले आणि माझा खांदा चाचपला. 

"दिवे चांगले आहेत गं," ते म्हणाले.

"हो."

"तो सायकलवालाच होता की नाही, मला माहीत नाही. मी घंटी ऐकली, म्हणून ब्रेक मारला. दिसलं काहीच नव्हतं." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "मालकाला तूच फोन कर. मला बोलता यायचं नाही."

मी त्यांना भिंतीच्या कडेला बसवलं. दिवे बंद करायला स्वतः वर चढले, पण बटण सापडेना. खाली ओरडून विचारलं.

"स्टिअरिंगच्या बाजूला," खालून आवाज आला. "बघू नकोस, चाचपून बघ. मी तसंच शोधतो."