नेडीनचा हलका ट्रिगर

टेनेसीच्या डोंगरातल्या त्या गावात शाळेच्या मुलांना बत्तीस वर्षं मऊ पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही वाढणारी नेडीन हेन्स्ली शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्यासाठी लहान पोरीसारखी दिवस मोजत होती. क्लबाच्या या फेब्रुवारीतल्या सामन्याचा नियम साधा होता: रोज कमरेला लपवून बाळगता तेच पिस्तूल आणायचं, आणि कोट-हातमोजे घालूनच खेळायचं. तीन वर्षं नणंद व्हेल्मा तिला पाव सेकंदाने हरवत होती आणि मग वर्षभर ते ऐकवत होती.

यंदा नेडीनने जालीम उपाय काढला होता. पिस्तुलाचा ट्रिगर हलका करून घ्यायचा!

"मिस नेडीन, नुसत्या सामन्याचं पिस्तूल असतं तर हवा तेवढा हलका केला असता," बंदुकांचा कारागीर व्हर्लन टीग म्हणाला. "पण हे कमरेला लावून तुम्ही बाजारात जाता, चर्चला जाता."

"तुला लंगोटात असल्यापासून ओळखते, व्हर्लन. गुमान कामाला लाग."

त्याने नवी स्प्रिंग बसवली. नेडीनने रिकाम्या पिस्तुलाच्या ट्रिगरला बोट टेकवलं न टेकवलं तोच टक्! ती अक्षरशः नाचली. व्हेल्माचा पडलेला चेहरा तिला आत्ताच दिसायला लागला.

"थांबा," व्हर्लन म्हणाला. ट्रिगर बदललेलं पिस्तूल तो परीक्षेशिवाय कुणाला देत नसे. रिकामं असल्याची त्याने पुन्हा खात्री केली. "कोट घाला, हातमोजे घाला. त्या ओकच्या झाडापर्यंत पळत जाऊन या, आणि पिस्तूल काढून समोरच्या पाटीवर नेम धरा."

ती पळाली. धापा टाकत आली, कोट मागे सारला, पिस्तूल उपसलं. टक्!

पाटी राहिली लांब. नळी तिच्या उजव्या बुटाकडे बघत होती.

"हातमोज्यामुळे झालं," म्हणत ती पुन्हा पळाली. पुन्हा टक्, पुन्हा बूट. आता मात्र तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. घाईत बोट आधीच ट्रिगरच्या कडीत घालायची खोड तिला कायमचीच होती. इतकी वर्षं तो जड ट्रिगर तिला सांभाळून घेत होता.

"जुनी स्प्रिंग टाकून नाही ना दिलीस?"

व्हर्लनने ती खिशातून काढली.

"लई शहाणा आहेस!"

शनिवारी ती जुन्याच ट्रिगरने, बोट बाहेर ठेवायचं स्वतःला बजावत, जीव तोडून खेळली. अर्ध्या सेकंदाने हरली.

"वहिनी, म्हातारी झालीस गं!" व्हेल्मा सगळ्यांदेखत ओरडली.

"व्हायचंच आहे मला!" म्हणत नेडीनने दोन्ही बूट जमिनीवर दणादणा आपटले.