मानेवरचा उजेड

मधुकाकांच्या मुलीचा, अनघाचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटच्या सिग्नलला अडकले होते. "बाबा गेले," एवढंच म्हणाली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवत राहिले, आणि मला गाडी पुढे घ्यायचंच सुचेना. त्याला आता महिना होऊन गेला…

मधुकाका आमच्या हौशी नाटकमंडळीची प्रकाशयोजना करायचे. मी नोकरी सांभाळून काम करणारी नटी, त्यात तोंडाची फटकळ. पहिल्याच तालमीत मी विचारलं होतं, "काका, लाइट तोंडावर टाका की, पाठीला काय करायचाय?" ते शांतपणे म्हणाले, "मागून उजेड नसला तर तू पडद्याला चिकटशील. मग लोक पडदाच बघतील." पुढची कितीतरी वर्षं त्यांनी मला पडद्यापासून सोडवून उभं केलं. मागचे दिवे लावताना ते स्वतः नटाच्या जागी, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहायचे. मानेला ऊब नेमकी कुठे लागते त्यावरून वर शिडीवरच्या पोराला सांगायचे, "जरा डावीकडे… बस." आम्हाला तो कलावंताचा नखरा वाटायचा.

मग थिएटरात एलईडी आले. काका नेहमीसारखे उभे राहिले, मान जरा पुढे-मागे करत राहिले. शेवटी म्हणाले, "बस, झालं." उजेड त्यांच्यापासून दोन हात लांब, रंगमंचाच्या रिकाम्या फळ्यांवर पडला होता. सगळे हसले. मीही हसले. नंतर मेकअपरूममध्ये त्यांनी मला एकटीला सांगितलं, नजर कधीचीच अधू झाली होती. इतकी वर्षं उबेवर चाललं होतं, आणि नव्या दिव्यांची ऊब मानेपर्यंत पोहोचतच नव्हती.

"मी सांगत जाईन ना तुम्हाला."

"तू सांगशील ते तुझं लाइटिंग होईल, बाई. माझं नाही." मग हळूच, "कुणाला बोलू नकोस." मी शब्द दिला.

त्यानंतर ते आलेच नाहीत. मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी जायचे. नाटकाचा विषय काढला की ते चहाचं विचारायचे. डोळ्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकलेले, मी काय करणार होते?

शोकसभेत तिघे बोलले. काका हट्टी, नवं तंत्र त्यांना पचलं नाही, असं तिघांनीही प्रेमानेच सांगितलं. एकाने तर त्या एलईडीच्या तालमीचा किस्सा सांगून हशा मिळवला. मी पुढच्या रांगेत खाली बघत बसले. त्यांच्या बाजूने उठून बोलावं, तर त्यांनाच दिलेला शब्द मोडायचा… आज मोडते आहे, काका. हट्टी नव्हतात हो तुम्ही. आता निदान रागवायला तरी या.